अक्षरविकृती, ई-मेल संदेशांतील

अक्षरविकृती, ई-मेल संदेशांतील : ई-मेलद्वारे पाठविलेला मजकूर प्राप्तकर्त्याच्या पडद्यावर मूळ अक्षरांऐवजी भलतीच अक्षरे, असंबद्ध चिन्हे, प्रश्नचिन्हे किंवा रिकाम्या चौकटी यांच्या रूपात उमटणे, या दोषास अक्षरविकृती म्हणतात. जपानी भाषेत या दोषाला ‘मोजिबाके’ म्हणजे अक्षरांचे रूपांतर अशी संज्ञा असून जर्मन भाषेत त्याला ‘अक्षरांची कोशिंबीर’ अशा अर्थाचा शब्द रूढ आहे. रोमनेतर लिपी वापरणाऱ्या बहुतेक सर्व समाजांना हा दोष परिचित आहे.

अक्षरविकृतीचे मूलतः दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात संदेशातील अंकरूप सामग्री शाबूत असते, मात्र तिचा अर्थ लावणारी प्रणाली चुकीचा संकेत वापरते. असा मजकूर पूर्णपणे पूर्ववत करता येतो. दुसऱ्या वर्गात वाहतुकीत किंवा रूपांतरात मूळ अंकच नष्ट झालेले असतात व मजकूर परत मिळविण्यासाठी प्रेषकाकडील मूळ प्रतीचाच आधार घ्यावा लागतो. विकृत पत्र घाईने पुन्हा साठविले अथवा पुढे पाठविले, तर पहिल्या वर्गातील दोषाचे रूपांतर दुसऱ्या वर्गातील दोषात होऊ शकते. नावे, पत्ते, रकमा किंवा औषधाच्या मात्रा असलेल्या पत्रांच्या बाबतीत ही हानी गंभीर ठरते. म्हणून उपाययोजनेपूर्वी विकृतीचा वर्ग ओळखणे आवश्यक असते.

अक्षरे व संकेत : संगणक अक्षरे साठवीत नाही, तो अंक साठवितो. आठ बिटांच्या एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एक अंक मावतो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे ठरविणाऱ्या कोष्टकास अक्षरसंकेत म्हणतात. अमेरिकेत १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲस्की या संकेतात सात बिटांवर आधारलेली १२८ स्थाने आहेत. त्यांपैकी ९५ स्थानांवर रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे व रिकामी जागा यांची योजना असून उरलेली ३३ स्थाने नियंत्रणासाठी राखलेली आहेत. इंग्रजीची गरज एवढ्याने भागते. परंतु फ्रेंच वा जर्मन भाषांतील स्वरचिन्हांकित अक्षरांना, तसेच देवनागरी, रशियन व जपानी लिपींना त्यात स्थान नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी निरनिराळ्या देशांनी १२८ ते २५५ या वरच्या स्थानांवर आपापली अक्षरे बसविली. पश्चिम युरोपीय भाषांसाठी १९८७ मध्ये आयएसओ ८८५९-१ म्हणजेच लॅटिन-१ हा संकेत प्रमाण ठरला व विंडोज प्रणालीत त्याला जवळचा असा विंडोज-१२५२ हा संकेत प्रचारात आला. रशियन भाषेसाठी केओआय-८ व विंडोज-१२५१ असे परस्परांशी न जुळणारे संकेत एकाच वेळी चालू राहिले. भारतीय लिपींसाठी इस्की हा संकेत तयार करण्यात आला व १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने तो आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारला. परिणामतः एकाच अंकाला स्थळपरत्वे वेगळा अर्थ प्राप्त झाला. उदा., २०४ हा अंक इस्कीनुसार ‘म’ हे अक्षर दर्शवितो, तर लॅटिन-१ नुसार स्वरचिन्हांकित रोमन आय हे अक्षर दर्शवितो. बाइटमध्ये स्वतःच्या संकेताची ओळख नसते. ती वेगळी कळवावी लागते. अक्षरविकृतीचे मूळ या एका गोष्टीत आहे.

जगातील सर्व लिपींना एकाच कोष्टकात सामावून घेणाऱ्या यूनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिलेला असून देवनागरी विभागाची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. यूनिकोडमधील क्रमांक बाइटांत मांडण्याची यूटीएफ-८ ही पद्धती केन टॉमसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. या पद्धतीत ॲस्कीतील अक्षरांना एक बाइट पुरतो, तर देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला वा मात्रेला तीन बाइट लागतात. ‘म’ या वर्णाचा यूनिकोडमधील क्रमांक २३५० असून यूटीएफ-८ मध्ये तो २२४, १६४, १७४ या तीन अंकांनी लिहिला जातो.

ई-मेलची वाहतूक : रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याची सोय केली. पुढे १९८२ मध्ये आरएफसी ८२१ व आरएफसी ८२२ या दस्तऐवजांनी पत्रांच्या वाहतुकीचे व रचनेचे नियम निश्चित केले. हे नियम सात बिटांचे ॲस्की अक्षर गृहीत धरूनच केलेले होते. त्यामुळे मार्गातील एखादा संगणक आठवा बिट काढून टाकी व अशा वेळी १२८ किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक अंकातून १२८ वजा होत. ‘म’ या वर्णाचे तीन बाइट अशा मार्गाने गेल्यास त्यांचे ९६, ३६ व ४६ हे अंक होतात आणि वाचणाऱ्याला उलटे स्वल्पचिन्ह, डॉलरचे चिन्ह व पूर्णविराम एवढेच दिसते.

निरनिराळ्या भाषांनी या अडचणीवर वेगवेगळे मार्ग काढले. केओआय-८ या रशियन संकेतात अक्षरांची मांडणी अशी केलेली आहे, की आठवा बिट गळाला तरी बहुतेक रशियन अक्षरांच्या जागी त्यांच्या उच्चाराशी मिळतेजुळते रोमन अक्षर उरावे. लहान व मोठी अक्षरे तेवढी उलटसुलट होतात, परंतु पत्र वाचता येते. जपानमध्ये ई-मेलसाठी सात बिटांतच बसणारा आयएसओ-२०२२-जेपी हा संकेत रूढ झाला. त्यात लिपी बदलल्याची सूचना २७ या अंकाच्या नियंत्रणवर्णाने दिली जाते. हा वर्ण वाटेत गळून पडल्यास पुढील सर्व जपानी मजकूर रोमन अक्षरे व चिन्हे यांच्या रांगांसारखा दिसतो.

सर्वसाधारण उपाय १९९२ मध्ये पुढे आला. नेथॅनिएल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांनी मांडलेल्या माइम या नियमावलीने पत्राच्या शीर्षभागात दोन महत्त्वाच्या नोंदींची भर घातली. ‘कंटेंट-टाइप’ या नोंदीत ‘चारसेट’ या शब्दापुढे अक्षरसंकेताचे नाव असते. ‘कंटेंट-ट्रान्स्फर-एन्कोडिंग’ या नोंदीत वाहतुकीसाठी बाइट कोणत्या रीतीने बांधले आहेत, ते सांगितलेले असते. बांधणीच्या दोन प्रमुख रीती आहेत. कोटेड-प्रिंटेबल या रीतीत ॲस्कीबाहेरचा प्रत्येक बाइट बरोबरीचे चिन्ह व त्यापुढे षोडशमान पद्धतीतील दोन अंकस्थाने अशा तीन चिन्हांनी लिहितात; त्यामुळे देवनागरीच्या एका वर्णाला नऊ चिन्हे लागतात. बेस-६४ या रीतीत तीन बाइटांची चार ॲस्की चिन्हे होतात. आठ बिटांची थेट वाहतूक मान्य करणारी पुरवणी १९९३ मध्ये तयार झाली. पत्त्यांमध्येही रोमनेतर लिपी वापरण्यास अनुमती देणारे नियम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या व्यवस्थेत पत्राच्या आकलनाचे तीन टप्पे होतात : बांधणी सोडविणे, कळविलेल्या संकेतानुसार अंकांची अक्षरे करणे व योग्य फाँटच्या साहाय्याने ती पडद्यावर काढणे. विकृती यांपैकी कोणत्याही टप्प्यावर उद्भवू शकते आणि प्रत्येक टप्प्यावरील विकृतीचे बाह्य रूप वेगळे असते.

विकृतीची रूपे : (१) रिकाम्या चौकटी : सर्व अक्षरांच्या जागी सारख्या आकाराच्या रिकाम्या चौकटी दिसल्यास अक्षरांचे अंक योग्य असून त्या लिपीचा फाँट संगणकावर नाही, असे समजावे. मजकुराला कोणतीही हानी पोहोचलेली नसते.

(२) स्वरचिन्हांकित रोमन अक्षरे : यूटीएफ-८ मधील मजकूर लॅटिन-१ किंवा विंडोज-१२५२ समजून वाचल्यास हे रूप दिसते. देवनागरीच्या बाबतीत प्रत्येक वर्णाचा पहिला बाइट २२४ असल्यामुळे डोक्यावर तिरकी रेघ असलेले लहान रोमन ए हे अक्षर दर तिसऱ्या स्थानी येते. त्यापुढे १६४ या अंकाचे चलनचिन्ह (¤) किंवा १६५ या अंकाचे येन या नाण्याचे चिन्ह (¥) असते. ही पुनरावृत्ती दिसताच मूळ मजकूर देवनागरीत व यूटीएफ-८ मध्ये असल्याचे जवळजवळ निश्चित होते. इंग्रजी पत्रांत हाच दोष वळणदार अवतरणचिन्हांपुरता आढळतो. वळणदार एकेरी अवतरणचिन्हाचे २२६, १२८, १५३ हे तीन बाइट विंडोज-१२५२ नुसार टोपी असलेले रोमन ए, यूरोचे चिन्ह व व्यापारचिन्ह (™) असे वाचले जातात.

(३) दुहेरी संकेतन : वरीलप्रमाणे चुकीचा वाचलेला मजकूर पुन्हा यूटीएफ-८ मध्ये साठविल्यास प्रत्येक चुकीच्या चिन्हाचे स्वतंत्र संकेतन होते. ‘म’ या वर्णाचे तीन बाइट वाढून सहा होतात व मजकुराची लांबी प्रत्येक फेरीत वाढत जाते. असा मजकूर परत मिळविण्यासाठी तितक्याच वेळा उलट क्रिया करावी लागते.

(४) न सुटलेली बांधणी : बरोबरीची चिन्हे व षोडशमान अंक यांच्या रांगा दिसल्यास कोटेड-प्रिंटेबल, तर रोमन अक्षरे व अंक यांचे अखंड ठोकळे दिसल्यास बेस-६४ ही बांधणी सोडविली गेलेली नाही, असे समजावे. बेस-६४ मध्ये बांधलेल्या देवनागरी शब्दांत आरंभापासून प्रत्येक वर्णाचा चार चिन्हांचा गट ४ हा अंक व के या मोठ्या रोमन अक्षराने सुरू होतो व तिसरे चिन्ह एस किंवा डब्ल्यू असते. मध्ये रिकामी जागा आली, की गट सरकतात. तरीही ही खूण अधूनमधून दिसते. बांधणी शाबूत असल्याने मजकूर पूर्णपणे परत मिळतो.

(५) काळा चौकोन व प्रश्नचिन्ह : तिरक्या काळ्या चौकोनातील प्रश्नचिन्ह हे यूनिकोडमधील ६५५३३ क्रमांकाचे प्रतिस्थापनचिन्ह होय. दिलेल्या संकेतात न बसणारे बाइट आढळल्यास वाचणारी प्रणाली ते दाखविते. ते केवळ पडद्यावर असेल, तर मूळ बाइट मिळू शकतात. परंतु ते चिन्हच साठविले गेले असल्यास मूळ बाइट गेलेले असतात.

(६) साधी प्रश्नचिन्हे : प्रत्येक अक्षराच्या जागी साधे प्रश्नचिन्ह असणे, हे सर्वांत वाईट लक्षण होय. ज्या संकेतात देवनागरीला स्थानच नाही अशा संकेतात मजकुराचे रूपांतर करताना प्रणाली प्रत्येक अक्षराऐवजी ६३ हा अंक लिहिते. सर्व अक्षरे एकाच अंकात विलीन झाल्याने मूळ मजकूर कोणत्याही उपायाने सापडत नाही.

मराठी मजकुराचे विशेष प्रश्न : यूनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मुद्रण व कार्यालयीन लेखन यांसाठी फाँटवर आधारलेली पद्धती वापरली जात असे. तीत संगणकाच्या दृष्टीने अक्षरे रोमनच राहत व फाँटमध्ये त्यांच्या जागी देवनागरी अक्षरांची वा अक्षरखंडांची चित्रे बसविलेली असत. कृतिदेव या फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी व एच या रोमन अक्षरांनी लिहिला जातो. त्यांपैकी बी मोठे व बाकीची लहान असतात. असा मजकूर ई-मेलने गेला, की फाँटचे नाव मागे राहते व प्राप्तकर्त्याला निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. येथे अक्षरसंकेत बदलून उपयोग होत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती अक्षरे रोमनच असतात. तोच फाँट संगणकावर बसवून मजकूर वाचणे किंवा त्या विशिष्ट फाँटसाठी केलेल्या परिवर्तकाने तो यूनिकोडमध्ये आणणे, हे दोनच मार्ग उरतात. फाँट-पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, तर यूनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराची जागाही बदलते. सदोष परिवर्तकांत या ठिकाणी हमखास चुका होतात. म्हणून रूपांतरित मजकुरातील वेलांट्या, रफार व जोडाक्षरे यांची तपासणी करणे अगत्याचे असते.

दुसरा प्रश्न उलट रूपांतराचा आहे. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ व १५७ या पाच स्थानांना कोणतेही अक्षर नेमलेले नाही. यूटीएफ-८ मध्ये चंद्रबिंदू व ऱ्हस्व उकाराची मात्रा यांचा अखेरचा बाइट १२९, हलन्त चिन्हाचा १४१, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४ व ‘झ’चा १५७ असतो. चुकीच्या वाचनानंतर मजकूर साठविताना काही प्रणाली हे बाइट टाकून देतात. तसेच ‘ठ’चा अखेरचा बाइट १६० असून तो न तुटणारी रिकामी जागा म्हणून वाचला जातो, तर ‘भ’चा १७३ हा बाइट एरवी न दिसणारे संयोगचिन्ह ठरतो. मजकुराची नक्कल करून तो दुसरीकडे चिकटविताना या दोहोंचा लोप होणे शक्य असते. परिणामी सुधारलेल्या मजकुरात बाकी सर्व अक्षरे येतात. परंतु जोडाक्षरे तुटलेली, उकार गळालेले व काही विशिष्ट वर्ण नाहीसे झालेले आढळतात.

तिसरा प्रश्न अदृश्य चिन्हांचा आहे. मराठीतील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर लिहिण्याच्या एका रीतीत ‘र’ व हलन्त यांच्यानंतर ८२०५ क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह घालतात. पत्र स्वच्छ करणाऱ्या एखाद्या प्रणालीने ते काढून टाकल्यास ‘आचाऱ्यास’ या शब्दाचा ‘आचार्यास’ होतो व स्वयंपाक्याऐवजी गुरूचा बोध होतो. अशी विकृती डोळ्यांना खटकत नाही. त्यामुळे ती अधिक फसवी असते. टिंबयुक्त ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाने हे जोडाक्षर लिहिल्यास हा धोका राहत नाही.

विषयाच्या ओळीतील विकृती : पत्राचा विषय व प्रेषकाचे नाव शीर्षभागात असल्याने त्यांच्यासाठी माइममध्ये वेगळी तरतूद आहे. त्यांतील रोमनेतर शब्द बरोबरीचे चिन्ह व प्रश्नचिन्ह यांच्या कंसात संकेताच्या नावासह बांधतात. अशा एका तुकड्याची कमाल लांबी ७५ चिन्हे असते. यूटीएफ-८ व बेस-६४ वापरल्यास एका तुकड्यात देवनागरीचे जास्तीत जास्त १५ वर्ण व मात्रा मावतात. म्हणून मोठा विषय अनेक तुकड्यांत विभागला जातो. एखाद्या वर्णाचे तीन बाइट दोन तुकड्यांत विभागू नयेत असा नियम आहे. तो न पाळणाऱ्या प्रणालींनी पाठविलेल्या पत्रांच्या विषयात ठरावीक अंतरावर प्रतिस्थापनचिन्हे दिसतात, मात्र पत्राचा मजकूर निर्दोष असतो.

निदानाची रीत : विकृत पत्र आल्यास प्रथम ते आहे तसे जतन करावे. त्याला उत्तर देणे, ते पुढे पाठविणे किंवा त्यातील मजकूर दुसऱ्या दस्तऐवजात चिकटविणे टाळावे. नंतर दोष एकाच पत्रात आहे, एकाच प्रेषकाच्या सर्व पत्रांत आहे की सर्वांच्याच पत्रांत आहे, ते पाहावे. एकाच प्रेषकाच्या पत्रांत असल्यास दोष बहुधा त्याच्या प्रणालीत असतो. सर्वांच्या पत्रांत असल्यास वाचणाऱ्याच्या प्रणालीत असतो. तेच पत्र दुसऱ्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर नीट दिसल्यास मूळ सामग्री शाबूत असल्याचे सिद्ध होते.

यानंतर पत्राचे मूळ स्वरूप उघडावे. बहुतेक ई-मेल प्रणालींत तशी सोय असते. त्यातील चारसेटची नोंद व प्रत्यक्ष मजकूर यांची तुलना करावी. नोंद नसणे, नोंदीत लॅटिन-१ असून मजकूर यूटीएफ-८ मध्ये असणे, किंवा शीर्षभागात एक व मजकुराच्या एचटीएमएल भागात दुसराच संकेत असणे, ही नेहमीची कारणे होत. मूळ स्वरूपातच साधी प्रश्नचिन्हे असतील, तर हानी पत्र पोहोचण्यापूर्वीच झालेली असते व पुढील खटपट निरर्थक ठरते.

उपाय : संकेताची नोंद चुकीची असल्यास वाचणाऱ्या प्रणालीतील अक्षरसंकेत बदलून यूटीएफ-८ निवडावा. ज्या प्रणालीत ही सोय नाही, तेथे पत्र फाइल म्हणून उतरवून घ्यावे व अशी सोय असणाऱ्या दुसऱ्या प्रणालीत उघडावे. बांधणी सुटलेली नसल्यास केवळ बांधलेला भाग वेगळा काढून तो बेस-६४ अथवा कोटेड-प्रिंटेबल उलगडणाऱ्या साधनाने सोडवावा. दुहेरी संकेतन झाले असल्यास मजकूर विंडोज-१२५२ मध्ये साठवून यूटीएफ-८ म्हणून पुन्हा वाचावा. मात्र हा प्रयोग नेहमी प्रतीवरच करावा. चौकटी दिसत असल्यास देवनागरी यूनिकोड फाँट बसविणे पुरेसे असते.

पत्रासोबत आलेल्या स्वल्पविरामांकित याद्या कोष्टक-प्रणालीत थेट उघडल्यावर विकृत दिसतात, तेव्हा पत्रात दोष नसतो. अशा साध्या मजकुराच्या फाइलीत संकेताची नोंद नसते व कोष्टक-प्रणाली स्वतःच्या सवयीचा संकेत गृहीत धरते. फाइल थेट न उघडता आयात करावी व त्या वेळी यूटीएफ-८ हा संकेत निवडावा. विकृत स्वरूपात उघडलेली यादी साठविल्यास मूळ यादी नष्ट होते.

प्रतिबंध : प्रेषकाने मराठी मजकूर इनस्क्रिप्ट किंवा अन्य यूनिकोड कळफलकाने लिहावा व बाहेर जाणाऱ्या पत्रांसाठी यूटीएफ-८ हा संकेत निश्चित करावा. जुन्या फाँटमधील दस्तऐवज पाठविणे अपरिहार्य असल्यास फाँट अंतर्भूत असलेल्या पीडीएफ स्वरूपात तो पाठवावा. त्यामुळे अक्षरांचे दृश्य रूप टिकते, परंतु त्यातील मजकूर शोधण्यास वा नक्कल करण्यास योग्य राहत नाही. स्वयंचलित पत्रे पाठविणाऱ्या संस्थांनी माहितीचा साठा, पत्राचा नमुना व प्रेषणप्रणाली या तिन्ही ठिकाणी एकच संकेत ठेवणे आवश्यक असते. प्रत्यक्ष प्रेषणापूर्वी चाचणीचे पत्र पाठवून पाहावे. चाचणीसाठी ‘ठ’, ‘भ’, ‘झ’, ‘ए’, ऱ्हस्व उकार, ‘ऱ्य’ व नेहमीची जोडाक्षरे असलेला मजकूर निवडल्यास बहुतेक दोष लगेच उघडकीस येतात. संकेताची अचूक नोंद, मूळ प्रतीचे जतन व प्रेषणापूर्वीची चाचणी यांच्या अभावी यूनिकोडच्या प्रसारानंतरही हा दोष आढळतो.